कार्यालयीन लॅपटॉपचा प्रोसेसर: ‘आय-५ आहे का?’ एवढे विचारणे पुरेसे नाही

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्याच्या कार्यालयात दिवसभर टॅली, एक्सेलच्या दोन-तीन फायली आणि जीएसटीचे पोर्टल उघडे असते, आणि अधूनमधून एखादा व्हिडिओ कॉल होतो. एवढ्या कामासाठी लॅपटॉप घ्यायला महात्मा गांधी रोडवर जाणारा ग्राहक इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात बहुधा आय-३, आय-५, आय-७ एवढेच पाहतो. त्यापुढचे आकडे वाचत नाही, आणि खरी माहिती त्याच आकड्यांत असते.

जुन्या लॅपटॉपचेच पाहा. सातव्या पिढीचा कोअर आय-७ ७५००यू हा २०१६ सालचा प्रोसेसर असून त्यात २ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, तर २०२२ च्या कोअर आय-३ १२१५यू मध्ये ६ आहेत. शिवाय त्या आय-७ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा किंमत कितीही उतरवून मिळाली, तरी हिशेबाच्या कामासाठी तो घेऊ नये.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या प्रोसेसरबाबत फसगत अधिक बारीक आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या नावांत एकाच आकड्याचा फरक असला, तरी ७००० मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये झेन २ रचनेचे ४ कोअर आहेत, ७५३०यू मध्ये झेन ३ चे ६. पहिल्यासोबत येणारी रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. म्हणजे ८ जीबी घेतली की ती कायम ८ जीबीच. दोहोंच्या किमतींत थोडाच फरक असेल, तर मी निःसंकोचपणे ७५३०यू निवडेन.

इंटेलच्या आय-३ १२१५यू आणि आय-५ १२३५यू यांची तुलना मात्र खर्च वाचवणारी आहे. दोन्हींत वेगवान कोअर दोनच आणि त्यांचा कमाल वेगही ४.४ गिगाहर्ट्‌झ, आय-५ मध्ये जास्तीचे आहेत ते कमी वीज खाणारे कोअर, ४ ऐवजी ८. व्हाउचर नोंदवताना किंवा एक्सेलचे सूत्र लिहिताना हा फरक जाणवणे कठीण. त्यामुळे ८ जीबी रॅमच्या आय-५ पेक्षा १६ जीबी रॅमचा, शक्यतो रॅमचे दोन स्लॉट असलेला आय-३ मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

फक्त पत्रव्यवहार आणि बिले असतील, तर इंटेलचा ६ वॅटचा एन१०० प्रोसेसर देखील चालेल. नावाशेवटी ‘एच’ असलेले ४५ वॅटचे प्रोसेसर व्हिडिओ संपादनासाठी राखून ठेवावेत. यू मालिकेचे १५ वॅट इथे पुरतात.

ॲपलच्या एम मालिकेचे आणि क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपची बॅटरी खरोखरच दीर्घकाळ टिकते, पण टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे, आणि स्नॅपड्रॅगनच्या विंडोजवर जुन्या प्रिंटरचा किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर स्नॅपड्रॅगनच्या एआरएम या निराळ्या रचनेसाठी वेगळा उपलब्ध असावा लागतो. म्हणून असा लॅपटॉप पाहायला जाताना टोकन खिशात न्यावे आणि पैसे देण्यापूर्वी ते दुकानातच लावून पाहावे.