दुखणारी की न दुखणारी? दीड महिन्याच्या लशीचा हिशेब

बाळाला दीड महिना होत आला की आशाताईंचा निरोप येतो: उपकेंद्रावर लसीकरण आहे, कार्ड घेऊन या. तिकडे क्लिनिकमध्ये विचारतात, "दुखणारी देऊ की न दुखणारी?" पहिली सरकारी केंद्रावर फुकट. दुसरीची छापील किंमत एका डोसला साडेतीन-चार हजारांच्या घरात, आणि असे निदान तीन डोस. मग ग्रुपवर विचारणा सुरू होते. कुणी म्हणतं पैशाकडे बघू नका, कुणी म्हणतं आमची पोरं सरकारी लशीवरच वाढली. दोघांचंही खरं आहे, पण त्यावरून ठरवता येत नाही.

आधी फरक नेमका कशात आहे ते पाहू. घटसर्प, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा एक जंतू) हे भाग दोन्हींकडे सारखेच आहेत. फरक आहे तो डांग्या खोकल्याच्या भागात. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच रोगांच्या लशीत, डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू मारून घातलेला असतो. त्याच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विषारी द्रव्य मांडीला सूज आणतं आणि ताप चढवतं. 'न दुखणाऱ्या' लशीत त्या जंतूची वेचून शुद्ध केलेली दोन-तीन प्रथिनंच असतात, एंडोटॉक्सिन जवळपास नसतंच. सुई तेवढीच टोचते आणि बाळ टाहो तेवढाच फोडतं. फरक पडतो तो त्या रात्री. अख्ख्या जंतूच्या लशीनंतर निम्म्यापर्यंत बाळांना ताप येतो आणि जवळजवळ तितक्यांची मांडी दुखते. दुसरीनंतर हे बरंच कमी होतं, पण अजिबात होत नाही असं नाही.

इथेच एक फसगत होते. 'सिक्स इन वन' म्हणजे न दुखणारी, असा सर्रास समज आहे. तो चूक. सहा रोगांच्या लशीही दोन्ही प्रकारात मिळतात. हेक्झाक्झिम आणि इन्फॅनरिक्स हेक्सा या न दुखणाऱ्या, तर ईझीसिक्स आणि शान सिक्स यांत अख्खा जंतू. खोक्यावर डीटीएपी (DTaP, न दुखणारी) लिहिलंय की डीटीडब्ल्यूपी (DTwP, अख्ख्या जंतूची) ते बघा. मधल्या एका बारीक अक्षरावर तुमची रात्र आणि तुमचे पैसे, दोन्ही अवलंबून आहेत. इन्फॅनरिक्स हेक्सा घेत असाल तर आणखी एक: हिबचा भाग वेगळ्या बाटलीत पावडरीच्या रूपात येतो. सिरिंजमधलं औषध त्या बाटलीत घालून, पावडर पूर्ण विरघळवून मग टोचायचं असतं. घाईत नुसती सिरिंज टोचली गेली तर हिबचं संरक्षण बाटलीतच राहतं. हेक्झाक्झिम तयार द्रवच असल्यामुळे तिथे ही भानगड नाही.

मग महागडी लस जास्त चांगली का? उलट, टिकण्याच्या बाबतीत ती थोडी कमीच पडते. अमेरिकेने १९९०च्या दशकात अख्ख्या जंतूची लस सोडून दुसरी धरली. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची साथ आली, ९ हजारांवर रुग्ण झाले आणि १० तान्ही बाळं दगावली. साथीमागे इतरही कारणं होती, पण पुढे २०१२ मध्ये तिथल्याच मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचव्या डोसनंतर दर वर्षी आजाराची शक्यता सरासरी ४२ टक्क्यांनी वाढत जाते, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं ते याच धर्तीवर: जिथे अख्ख्या जंतूची लस चालू आहे, तिथे बाळांचे पहिले डोस त्याच लशीचे ठेवा.

पण न दुखणारी लस आली कुठून, हेही पाहायला हवं. जपानमध्ये १९७५च्या सुमारास अख्ख्या जंतूच्या लशीनंतर दोन बाळांचे मृत्यू झाल्यावर लसीकरण थांबवलं गेलं. पुन्हा सुरू झालं तरी लोक घाबरलेलेच होते. १९७९ मध्ये तिथे डांग्या खोकल्याचे १३ हजार रुग्ण झाले आणि ४१ मृत्यू. १९८१ पासून जपानने नवी, सौम्य लस वापरायला सुरुवात केली. म्हणजे या लशीचा खरा गुण एकच: घाबरलेले आईबाप पुढच्या डोसला परत येतात. पहिल्या डोसला बाळ रात्रभर किरकिरलं म्हणून दुसरा डोस दोन-तीन महिने पुढे ढकलणारं घर तुमचं असेल, तर चार हजारांची लस तुमच्यासाठी स्वस्तच आहे. एखाद्या रात्रीचा ताप सांभाळायची तयारी असेल, तर नाही.

टोचण्यांचा हिशेबही बघा. सरकारी केंद्रावर दीड महिन्याला डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही आणि दंडात कातडीच्या आतल्या आत पोलिओचं ०.१ मिलीचं छोटं इंजेक्शन, अशा तीन सुया. शिवाय पोलिओ आणि रोटाव्हायरसचे तोंडावाटे डोस. खासगीत हेक्साव्हॅलंटमध्येच (सहा रोगांच्या लशीत) पोलिओ असल्यामुळे सुया दोन. मिसळूनही चालतं: हेक्साव्हॅलंट क्लिनिकमध्ये आणि रोटा, पीसीव्ही केंद्रावर फुकट, असं बरेच जण करतात. फक्त कार्डावर काय काय दिलंय ते सिस्टरना आधी दाखवा, नाहीतर एकच लस दोनदा जायची. पहिला डोस सरकारी आणि दुसरा खासगी घेतला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. उशीर झाला तरीही नाही, राहिलेला डोस तेवढा घ्यायचा, दोन डोसांत निदान ४ आठवडे ठेवायचे.

आता तापाचं. इथे जपायचं ते लशीपेक्षा चमच्याला. पॅरासिटामॉल ताप येण्याआधीच देऊन ठेवू नका. त्याने लशीचा प्रतिसाद थोडा कमी होतो असं आढळलंय. ताप आला तर वजनावर द्यायचं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. बाळ लहान आहे, म्हणून प्रमाण लसीच्या दिवशीच डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. साडेचार किलोच्या बाळाला साधारण ६० मिलिग्रॅम लागतं. ड्रॉप्सची बाटली बहुतेक मिलीला १०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे ०.६ मिली. सिरप मात्र सहसा ५ मिलीला १२० मिलिग्रॅमचं, म्हणजे अडीच मिली. आता आजी सिरपचं "अर्धा चमचा" ऐकून ड्रॉप्सची बाटली उघडते आणि अडीच मिली पाजते. झालं, २५० मिलिग्रॅम पोटात, चौपट! घरात दोन्ही बाटल्या ठेवूच नका, आणि ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरा.

मांडीवर गार पाण्याच्या फडक्याची घडी पुरते. तेल लावून चोळणं, गरम शेक, हळदीचा लेप यातलं काही नको. टोचल्या जागी हाताला लागणारी छोटी गाठ आठवडा-दोन आठवडे राहू शकते, ती आपोआप जिरते. गाठ लाल होऊन तापली, वाढत गेली तर दाखवा. ताप ४८ तासांच्या पुढे गेला, बाळ दूध ओढेना, तीन तासांवर सलग रडतंय, एकदम लुळं-फिकं पडलं किंवा झटका आला, तर लगेच दवाखाना. यातलं काही झालं असेल, तर पुढचा डोस कोणता आणि कुठे हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. न दुखणारी लस इथेही उपयोगाची ठरू शकते.

हात आखडता असेल, तर हेक्साव्हॅलंटचे पैसे दुसरीकडे जास्त कामी येतात. टायफॉइड, फ्लू, कांजिण्या, कावीळ अ या लशी सरकारी वेळापत्रकात नाहीत. आणखी एक महत्त्वाची म्हणजे आईला गरोदरपणी, २७ ते ३६ आठवड्यांत द्यायची टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस). सरकारी केंद्रावर गरोदरपणी मिळते ती टीडी, तिच्यात डांग्या खोकला नाही. बाळाला पहिला डोस मिळेपर्यंतचा दीड महिना त्याच्याकडे जे संरक्षण असतं ते आईकडून आलेलं. एका न दुखणाऱ्या डोसच्या पैशात टीडॅप बसते.

सरकारी लशीवर भरवसा नसेल तर कुपीचं लेबल मागून बघा. त्यावर वर्तुळात एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस उष्णतेने खराब झालेली नाही. दोन्हींचा रंग सारखा किंवा चौकोन गडद झाला, तर नको म्हणा. खासगी सिरिंजवर ही खूण सहसा नसते.

म्हणूनच केमिस्टकडून चारशे-पाचशे स्वस्त पडते म्हणून लस घेऊन गाडीतून क्लिनिकला नेण्याचा उद्योग टाळा. एप्रिलमध्ये उन्हात उभी केलेली बंद गाडी भट्टी होते, पण त्याहून वाईट म्हणजे बर्फाच्या पिशवीला टेकवून नेणं. या लशींना २ ते ८ अंश लागतं. गोठल्या की त्यातलं ॲल्युमिनियमचं मीठ गुठळ्या धरतं आणि लस निकामी होते. वितळल्यावर नुसतं बघून ते कळत नाही, आधीसारखीच पांढुरकी दिसते. लस क्लिनिकच्याच फ्रिजमधली घ्या.