जे-झी की नास: माझे गुण कुणाला?

२००१ साली न्यूयॉर्कच्या या दोघा रॅपरांत गाण्यांतून कलगीतुरा रंगला, तेव्हा दोघेही मुरलेले गडी होते. क्वीन्सच्या नासचा पहिला अल्बम १९९४चा, ब्रुकलिनच्या जे-झीचा १९९६चा.

जे-झीच्या 'टेकओव्हर' गाण्याचा थाट वकिली. आवाज चढत नाही, नासच्या कारकिर्दीचा जमाखर्चच मांडतो: इतक्या वर्षांत धड अल्बम किती? मागे 'द डोअर्स' या रॉक बँडच्या गाण्याचा दणदणीत तुकडा, कान्ये वेस्टने बसवलेला. मुद्देसूदपणाचे गुण इथेच. पण बराच मार मॉब डीप या रॅप जोडीतल्या प्रॉडिजीवर खर्च होतो.

नासचं उत्तर, 'ईथर', दुसऱ्या टोकाचं. बीट मला आजही बेताचाच वाटतो, काही शेरे तर निव्वळ शिवीगाळ. पण सगळा रोख एकाच माणसावर, आणि दिवंगत रॅपर बिगीच्या ओळी उसन्या घेतोस हा टोमणा वर्मी बसतो. 'ईथर' हे नाव पुढे रॅपवाल्यांच्या बोलीत, समोरच्याला पार चीत करणे या अर्थी, क्रियापदच झालं.

कागदावर जे-झी अर्ध्या गुणाने पुढे, तरी माझं मत नासला. त्यानंतरचं जे-झीचं उत्तर मी हिशेबात धरतच नाही. ते ऐकून त्याच्या आईनेच त्याला माफी मागायला लावली होती.