लिनक्स मिंटवर एमपीव्ही व्हिडिओ प्लेअर: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या अनंत चतुर्दशीला धाकट्या भावाने रात्रभर जागून इंदूरच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, फोनवर टिपल्या. गिरण्या कधीच बंद पडल्या, तरी त्यांच्या नावाच्या झांक्या अजून निघतात. गुडघ्यांमुळे आईला आता त्या गर्दीत उभं राहवत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ते व्हिडिओ माझ्या लॅपटॉपवर लावले. ढोल नीट ऐकू येत होता, पण हुकुमचंद मिलची झांकी जागच्या जागी थिजलेली. पंखा घरघरायला लागला आणि आई म्हणाली, "राहू दे रे, नंतर बघू."

लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय5, त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम. कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर, नसेल असं वाटून तीन-चार पॅकेजं टाकली. ते चुकलंच. मिंट बसवतानाच मल्टिमीडिया कोडेकवर खूण केली होती आणि कोडेक नसता तर चित्र आलंच नसतं. चित्र अडखळत होतं, कारण फोनचं 4के एचइव्हीसी (खूप दाबून साठवलेला व्हिडिओ) उलगडायचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडत होतं. शिवाय माझा तेव्हाचा प्लेअर फ्लॅटपॅकमधला, म्हणजे सिस्टिमपासून वेगळा बांधून ठेवलेला. त्याला सिस्टिममधले ड्रायव्हर दिसतच नाहीत, म्हणजे दोन संध्याकाळी मी भलत्याच जागी दुरुस्ती करत बसलो होतो.

मग एमपीव्ही हा प्लेअर मिंटच्या रिपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या भांडारातून) घेतला. व्हिडिओ चालू असताना 'आय' दाबलं की सगळी माहिती पडद्यावर येते. हार्डवेअरचं नाव नव्हतं, गळालेल्या फ्रेमचा आकडा मात्र भराभर वाढत होता. एमपीव्ही मुळात ग्राफिक्स चिपची मदत घेतच नाही, ती घ्यायला सांगावं लागतं. कॉन्फिग फाइलमध्ये (प्लेअरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'एचडब्ल्यूडेक' या हार्डवेअर मदतीच्या सेटिंगला 'ऑटो-सेफ' अशी एकच ओळ लिहिली. पुन्हा 'आय' दाबलं तर 'व्हीए-एपीआय', म्हणजे चिपकडून व्हिडिओ उलगडून घ्यायची सोय, दिसलं आणि पंखा शांत झाला. त्या संध्याकाळी आईने सगळ्या झांक्या पाहिल्या, दोन तर परत लावायला लावल्या.

तरी काही क्लिप अडखळतच होत्या. त्या एचडीआरमधल्या (उजेड-अंधार जास्त बारकाईने टिपणाऱ्या), 10 बिटच्या, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या निघाल्या. 'व्हीएइन्फो' ही कमांड चालवली की चिपला काय झेपतं त्याची यादी मिळते. माझी चिप एचइव्हीसी 8 बिटपर्यंतच पूर्ण सांभाळते, 10 बिट इंटेलच्या सातव्या पिढीपासून. भावाच्या फोनवरचं एचडीआर बंद केलं, जुन्या क्लिप एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमने एच.264 या जुन्या प्रकारात बदलल्या.

मामेभावाकडे फेडोरा (दुसरं एक लिनक्स) आणि एएमडीची ग्राफिक्स चिप. तिथे मामला वेगळा: पेटंटमुळे 2022 पासून फेडोराच्या मेसामधून (ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संचातून) एच.264 आणि एच.265, म्हणजेच एचइव्हीसी, यांची हार्डवेअर मदत काढलेली आहे. आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या भांडारातला 'फ्रीवर्ल्ड' ड्रायव्हर घालावा लागला.

आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट मागे संगणकावर उतरवून घेतली होती. त्यात कुणी हललं की कडांना कंगव्यासारख्या रेघा येत. 'डी' दाबलं की डीइंटरलेस होतं, म्हणजे त्या रेघा जातात, अंतरपाट दूर होतानाचे चेहरे स्वच्छ दिसतात. यासाठी तरी मी हा प्लेअर सोडणार नाही. एव्ही1 या नव्या व्हिडिओ प्रकाराला मात्र माझ्या चिपची मदत नाही. 1080पी प्रोसेसरवर निभतं, 4के मी लावत नाही.