व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून घेतल्या : काम चोख, पण आधी कात्री काढून घ्या

गंगापूर रोडच्या बाजूला एका गल्लीत जुन्या व्हीएचएस कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देणारं दुकान आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे एक तक्रार आहे आणि माणूस तसा भला आहे. कॅसेट कुठेही टाकणार असाल तरी खालचं वाचून जा.

कॅसेट माझ्या आतोबांच्या. ते मस्कतला होते, त्यामुळे वाड्यातला पहिला व्हीसीआर आमच्याकडे आला आणि मागोमाग खांद्यावर घ्यायचा कॅमेराही. काका प्रेसमध्ये (नाशिककराला कुठली प्रेस ते सांगायला नको), त्यांना सुट्टी लागली की तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात दिवाळीला सगळं गोत जमायचं. आतोबा टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचे, मध्येच कॅमेरा उचलून घरातलं शूटिंग करायचे, ते त्याच कॅसेटवर चढवायचे आणि उरलेल्या जागेत पुन्हा टीव्ही. कॅसेट पुरवून वापरायची म्हणून सगळं लाँग प्लेवर. तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास मावतात, पण चित्र तेवढंच उतरतं. दुकानदाराने पहिली कॅसेट लावली आणि कपाळाला हात लावला.

एका कॅसेटवर आजोबांच्या अक्षरात "बंडूची मुंज. पुसू नये." आत मुंज नाही, महाभारत आहे. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची खिट्टी मोडली की त्यावर दुसरं काही चढत नाही. आजोबांनी ती मोडलेली, आणि कुणीतरी त्या खाचेवर चिकटपट्टी लावून काम साधलेलं. कुणी, ते अजून घरात कबूल झालेलं नाही. बंडूदादा आता पन्नाशीला आलाय, तरी विषय निघाला की आत्याकडे बघतो.

आता दुकानाचं. कॅसेट हातात घेऊन त्याने उजेडाकडे धरली, खिडकीतून आतली रिळं बघितली आणि म्हणाला, "ताई, ह्याला बुरशी आहे. अशीच लावली तर माझं हेड जाईल." पांढरी पावडर मलाही दिसली. मग त्याने स्क्रू काढून कॅसेट उघडली, पट्टी हळूहळू फिरवत कोरड्या कापडाने पुसली, एका ठिकाणी तुटलेली होती ती जोडली आणि सगळं दुसऱ्या चांगल्या कव्हरात बसवलं. हे समोर बसवून दाखवलं, घाई केली नाही. त्याची काळजीही रास्त आहे. नवीन व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. त्याच्याकडची मशिनं जुनी, एकाचे पार्ट काढून दुसऱ्याला लावलेली.

दर कॅसेटमागे तीनशे, साफसफाईचे वेगळे. मला महाग वाटलं नाही. ही कॉपी मोबाइलवरचा फोटो पाठवावा तशी होत नाही. सहा तासांची कॅसेट सहा तास चालूच ठेवावी लागते आणि मधे कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. "उद्या द्या" म्हणून मागे लागू नका.

तक्रार इथून. पेनड्राइव्ह घरी लावला तर सगळं छान, स्वच्छ आणि निम्मं गायब. जाहिराती कापलेल्या. "व्यत्यय" ची पाटी कापलेली. जिथे एक रेकॉर्डिंग संपून दुसरं सुरू होतं ते मुंग्यांचे सेकंद कापलेले. त्याच्या मते हा कचरा, आणि तो काढून देणं ही त्याची जादा सेवा.

अहो, महाभारत बघायचं तर ते कुठेही मिळतं. मला १९८९ च्या दिवाळीतलं महाभारत हवं होतं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला, नेमकं रविवारी आलेलं. सकाळी मालिका, घरात पाहुणे, संध्याकाळच्या पूजेची तयारी आणि फराळाचं शेवटचं तळण, सगळं एकाच वेळी. मधे लिज्जतचा ससा यायचा (तो बाहुला रामदास पाध्यांचा, हे मला फार उशिरा कळलं), विको यायचं, निरमा यायचं, आणि तेवढ्यात मोठी माणसं पाणी प्यायला उठायची. जाहिराती काढल्या की भागामागून भाग सपाट पळतो, आमच्या घराला उठायला जागाच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. त्याच दिवशी वानखेडेवर नेहरू चषकाची उपांत्य फेरी होती, भारत विरुद्ध वेस्ट इंडीज. आतोबांनी मॅच लावून ठेवलेली, आणि तिच्या मधोमध आदल्या दिवशीचं घरचं शूटिंग चढवलेलं. आजी रांगोळीवर ओरडते आहे, चित्र थरथरतं, मुंग्या येतात आणि एकदम वानखेडे. आपण हरलो होतो, तेव्हा फार काही चुकलं नाही. पण तो सांधाच मला बघायचा होता, आणि तोच कापलेला.

याहून वाईट म्हणजे त्याने कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून चित्र "सुधारून" दिलं होतं. शूटिंगमध्ये काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. एका हातात झारा, नजर टीव्हीवर, मागे कढईतून धूर निघायला लागलाय आणि आतून कुणीतरी हाका मारतंय. काकू हलत नाही. हे दृश्य आमच्या घरात तोंडी चालत आलंय. ते खरोखर चित्रात आहे हे बघून मी किंचाळले. सुधारलेल्या कॉपीत काकूचा चेहरा गुळगुळीत मेणाचा, आणि झाऱ्याची भोकं बुजलेली. सॉफ्टवेअरला वाटलं ती खराबी आहे. हातात नुसती पळी धरल्यासारखी दिसते, आणि पळीने चकली तळत नाहीत.

फोन केला. वाद घातला नाही त्याने. मूळ कॉपी त्याच्याकडे होती, ती जशीच्या तशी दिली, वेगळे पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, "ताई, लोकांना क्लीन लागतं." लागत असेल. मला झाऱ्याची भोकं लागतात.

मूळ कॉपी मिळाल्याचा खरा फायदा शेवटच्या कॅसेटवर झाला. ती नव्वदच्या दशकातली, केबलवाल्याच्या लोकल चॅनलची. दूरदर्शनचं निदान काहीतरी कुठेतरी जपलेलं असतं, केबलवाल्याचं कोण जपणार? गणपती विसर्जनाची मिरवणूक, वाकडी बारवेपासून निघालेली, कुणाच्या तरी गच्चीवरून धरलेला कॅमेरा, आवाजात नुसता ढोल. खाली सरकत्या पट्टीत मेन रोडवरच्या साड्यांचा सेल, कुठलेसे क्लासेस, आणि "विजेच्या खोळंब्यामुळे चित्रपट रात्री दाखवण्यात येईल". रविवार कारंज्याचा जुना चेहरा दिसतो. आम्ही पोरं तेव्हा गच्चीवरच्या कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायचो आणि घरी पळत येऊन विचारायचो, दिसलो का. या कॅसेटमध्ये दिसलो नाही. शेजारचा जोशांचा मुलगा मात्र दोनदा दिसला, त्याला क्लिप पाठवली. पट्टी कापलेल्या पहिल्या कॉपीत यातलं निम्मंही नव्हतं.

तर टाका बिनधास्त, मशीन आणि हात दोन्ही चांगले आहेत. पावतीवर त्याच्याकडून लिहून घ्या : काही कापायचं नाही, चित्र सुधारायचं नाही, मूळ फाइल द्यायची. कॅसेट परत मागा, नाहीतर त्या टेबलाखालच्या खोक्यात जातात. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळत नाही.