आंबा हिशेबाचे आलेख: टॅब्लो की पॉवर बीआय?

गेल्या हंगामाचा आंब्याचा हिशेब मी एका एक्सेलमध्ये ठेवला होता. तारीख, बाग, पेट्या, वाशीचा दर, गिऱ्हाइकाचा फोन. रत्नागिरीत बसून टॅब्लो या आकड्यांचे आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढले आणि फाइल दापोलीच्या आतेभावाला धाडली. लगेच त्याचा फोन: "दादा, हे तुझ्या डी ड्राइव्हमधलं एक्सेल मागतंय!"

चूक माझी. टॅब्लोच्या साध्या फाइलमध्ये (टीडब्ल्यूबी) नुसती मांडणी आणि एक्सेलचा पत्ता असतो, आकडे नसतात. आकड्यांसकट द्यायचं तर टीडब्ल्यूबीएक्स, म्हणजे आकडे आत बांधलेली पॅकेज फाइल, करून द्यावी. ती मुळात झिपच आहे. नावापुढचं टीडब्ल्यूबीएक्स खोडून झिप लिहिलं की आतलं अख्खं एक्सेल बाहेर येतं, फोन नंबरांसकट. आणखी एक मेख: एक्सेलऐवजी सर्व्हरवरच्या डेटाबेसला लाइव्ह, म्हणजे दर वेळी तिथूनच आकडे आणणारं, जोडलं असेल तर या पॅकेजातही आकडे येत नाहीत. आधी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे आकड्यांची आपल्याकडची प्रत, काढावा लागतो.

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ही कटकट नाही. एक्सेल जोडलं की ते इम्पोर्टच होतं, आकडे त्याच्या पीबीआयएक्स फाइलच्या पोटात. मात्र सकाळी एक्सेलमध्ये 40 पेट्या वाढवल्यात तर रिफ्रेश दाबेपर्यंत आलेखाला त्याचा पत्ता नसतो. डेस्कटॉप आवृत्ती फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालते.

लाइव्ह जोडणीचा मोह सगळ्यांनाच होतो. सर्व्हर लांब असेल तर प्रत्येक फिल्टरला तिकडे विचारणा होते, आणि आमच्याकडे पावसात लाइट गेली की टॉवरही मान टाकतो. मच्छीमार सोसायटीतल्या मित्राला आवक लाइव्हच बघायची होती. म्हटलं, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा काय बघणार? एक्स्ट्रॅक्ट घे.

फुकटात टॅब्लोचीच टॅब्लो पब्लिक ही आवृत्तीही आहे, पण तिथे चढवलेलं जगाला दिसतं. 2024 पासून त्यातलं काम आपल्या संगणकावरही सेव्ह करता येतं, ही मोठी सोय झाली. गुगलचा ब्राउझरमध्ये चालणारा लुकर स्टुडिओ आपोआप सेव्ह करतो; नेट गेलं की हात बांधून बसा.

घरात सगळे विंडोजवाले असतील तर मी डोळे झाकून पॉवर बीआय सांगेन. आतेभावाकडे मॅक आहे, म्हणून आमचं गाडं टॅब्लोवरच. आता फोन नंबरांचा रकाना एक्सेलमधूनच उडवतो आणि टीडब्ल्यूबीएक्स पाठवतो. तो फुकटच्या टॅब्लो रीडरमध्ये उघडतो.