मियाकेचा चुण्यांचा टॉप: होळी ते गणपती वापरल्यानंतर

होळीच्या सुमारास भाचीने टोकियोतल्या एका सेकंडहँड दुकानातून जपानी फॅशन डिझायनर इस्सेई मियाकेच्या 'प्लीट्स प्लीज' या चुण्यांच्या कपड्यांच्या ब्रँडचा टॉप पाठवला. आता गणपती आले, म्हणजे मुंबईचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याने बघितले. लोकल, ऑफिस, दोन बारशी, एक लग्न, सगळीकडे तोच. सेकंडहँड म्हणूनच परवडला. नवा घ्यायचा तर चांगल्या पैठणीचे पैसे मोजावे लागतात.

हातात घेतल्यावर तो कुणा लहान मुलीचा असावा असा अरुंद दिसतो. घातला की चुण्या उघडतात आणि माझ्यासारख्या भरल्या अंगालाही नीट बसतो. कपडा बनवण्यातलं डोकं इथेच आहे. एरवी आधी कापडाला चुण्या पाडतात आणि मग कपडा शिवतात. मियाकेने हे उलटं केलं: कपडा मूळ मापाच्या अडीच-तीन पट मोठा कापून शिवायचा, मग कागदाच्या दोन थरांमध्ये घालून गरम प्रेसमधून काढायचा. पॉलिएस्टर उष्णतेने घेतलेला आकार सोडत नाही. माझ्या टॉपची काख उलटी करून बघितली, तर शिवणीची आतली पट्टीसुद्धा दोऱ्यासकट त्याच बारीक चुण्यांत दुमडलेली आहे. आपल्या बाजारातला याच्यासारखा दिसणारा एक टॉप मी आधी घेतला होता. त्याच्या शिवणी सपाट होत्या, आणि थोड्याच धुण्यांत तो बाजूंनी लोंबायला लागला.

हे प्रयोग १९८८ च्या सुमारास सुरू झाले. १९९१ मध्ये नृत्यदिग्दर्शक विल्यम फोरसाइथच्या फ्रँकफर्ट बॅलेचे नर्तक हे कपडे घालून नाचले आणि १९९३ मध्ये 'प्लीट्स प्लीज' बाजारात आलं. नर्तकांच्या अंगावर टिकलेलं कापड विरार लोकलमध्येही टिकतं, एवढं मी खात्रीने सांगते. बॅगेचा पट्टा खांद्यावर चुण्या थोड्या दाबतो, पण धुतल्यावर त्या परत उभ्या राहतात. एकदा अंगठीत धागा अडकून ओढला गेला. तो चुणीत असा लपलाय की मलाच सापडत नाही.

धुणं सोपं. जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये, थंड पाण्यात. जुलैत जीन्स दोन-दोन दिवस ओल्या राहायच्या, हा पंख्याखाली रात्रीत वाळायचा. ठेवताना वळकटी करायची. जपायचं ते इस्त्रीपासून. सासूबाई अजून विचारतात, "अगं, हे इस्त्रीला टाकायचं राहिलं का?" चुकून इस्त्रीवाल्याच्या गाठोड्यात गेला तर गरम इस्त्रीखाली सगळं सपाट होईल.

आता उन्हाळ्याचं. चुण्यांमुळे कापड अंगाला चिकटत नाही, थोडी हवा खेळते. पण पॉलिएस्टर ते पॉलिएस्टर. मे महिन्यात दुपारी दादरचा पूल चढताना घाम नुसता ओघळतो, शोषला जात नाही. आतून सुती स्लिप घालून बघितली, तर टॉपचा झोकच गेला. मियाकेच्या स्टुडिओने अहमदाबादच्या आशा साराभाईंबरोबर भारतीय कापडावरही काम केलं होतं. त्यातलं काही सेकंडहँड दिसलं तर कळवायला भाचीला सांगून ठेवलंय.

या टॉपच्या नादाने बाकीच्या फॅशन डिझायनरांचंही बघत बसले. रेई कावाकुबोच्या १९९७ च्या कलेक्शनमधले पाठीवर, कमरेवर उशांसारखे फुगवटे शिवलेले झगे मी तासभर न्याहाळले, पण घालणार नाही. मार्जेलाचे अंगठा वेगळा असलेले बूट, नको. मन गेलं ते मियाकेच्याच 'ए-पॉक'वर: विणलेल्या कापडाची लांब नळी, तिच्यातच कपड्याच्या रेषा विणलेल्या, गिऱ्हाइकाने कात्रीने कापून घ्यायचं आणि कडा उसवत नाहीत. रॅम्पवरचं बहुतेक मला बघण्यापुरतं वाटतं. या माणसाने मात्र धुणारीचा आणि वापरणारीचा विचार केलेला दिसतो.

घेणार असाल तर छाती-कंबरेपेक्षा खांद्यापासून खालपर्यंतची लांबी आधी विचारा. रुंदी ताणली जाते, लांबी नाही, आणि नंतर अल्टर करणं विसरा. माझा टॉप गुडघ्याच्या जवळ येतो म्हणून टेलरकडे नेला, तर ते म्हणाले, "ताई, याला कात्री लावली तर मी जबाबदार नाही." तसाच लांब घालते, खाली लेगिंग. रंग गडद घ्या. फिक्या रंगात घामाचे डाग दिसतात.