दोन फुटी टाकी एकच, खेकडा कोणता आणावा?

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात ओहोटीच्या वेळी चिखलावर एक मोठी नांगी नाचवणारे खेकडे दिसले, की पोरं घरी येऊन तेच मागतात. आमच्या लेकीनेही मागितले. ते आधीच बाद करा. भरती-ओहोटी आणि खाडीचा चिखल हेच त्यांचं जगणं. शिवाय ठाणे खाडीचा बराच भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथून काही उचलून आणायचं नसतं.

मग उरतात तीन: रिकाम्या शंखात घर करणारा जमिनीवरचा शंखवाला (हर्मिट क्रॅब), दुकानातला लाल नांगीचा, आणि आपला गोड्या पाण्यातला, ओढ्यातला मुठा. तिघांनाही दोन फूट बाय एक फूट बाय एक फुटाची काचेची टाकी चालते. फरक आत काय भरायचं याचा.

शंखवाल्याला पाण्याची नाही, वाळूची टाकी लागते. पाच भाग वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि ओल एवढीच की मुठीत दाबलं तर लाडू वळावा. थर किमान सहा इंच. म्हणजे चाळीसेक किलो वजन झालं. मुलांच्या प्लायच्या स्टडी टेबलावर हे ठेवू नका. दोन वाट्या हव्यात: एक क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याची, दुसरी खाऱ्या पाण्याची. खारं म्हणजे मत्स्यालयाचं समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. घरातलं आयोडीनचं मीठ नाही. हवेत ७० ते ८० टक्के दमटपणा हवा, कारण हा जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो आणि ते ओले राहावे लागतात. नेरूळमध्ये पावसाळाभर हे फुकटात मिळतं. पण एसीच्या बेडरूममध्ये दमटपणा भराभर उतरतो, म्हणून जाळीऐवजी काचेचं झाकण घ्या.

आता खरी गोम. कात टाकायला तो वाळूत जातो आणि आठवडेच्या आठवडे वर येत नाही. पहिल्या वेळी पाचव्या आठवड्यात मी चमचा घेऊन उकरलं. खाली तो मऊ, फिकट गुलाबी पडलेला, शेजारी स्वतःचंच पोकळ कवच. दोन दिवसांत गेला. त्यानंतर मी नाकावर भरवसा ठेवते: मेलेल्याला कुजक्या मासळीचा वास येतो, कात टाकणाऱ्याला येत नाही. टाकलेलं कवच तो खातो, तेही काढून टाकू नका.

हा एकटा नको, दोन-तीन असावेत, आणि माणशी दोन-तीन रिकामे शंख जास्तीचे. रंगवलेले नकोत, रंगाचे पोपडे पोटात जातात. नीट ठेवला तर दहा वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो. मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा वाटी धुवायची पाळी तुमचीच. एक टोचणी मात्र राहते: याची पिल्लं समुद्रात वाढतात, त्यामुळे दुकानातला बहुतेक प्रत्येक जण किनाऱ्यावरून पकडलेलाच असतो. आणि उरणच्या किनाऱ्यावर लाटेत सापडणारा शंखवाला सहसा पाण्यातला असतो, त्याला या कोरड्या टाकीत घालू नका.

लाल नांगीवाल्याला दुकानदार बिनधास्त ‘गोड्या पाण्यातला’ म्हणून गप्पींच्या टाकीतून काढून देतो. हा खारफुटीतला प्राणी. लिटरला आठ-दहा ग्रॅम समुद्री मीठ, फिल्टर, आणि पाण्याबाहेर बसायला दगड, हे तिन्ही नसेल तर काही महिन्यांत आटोपतो. पाणी आटलं की साधंच पाणी घाला, मीठ टाकीतच राहिलेलं असतं. गप्पी रात्रीतून कमी होतात ते वेगळंच. आमचा हवेच्या नळीवरून चढून पळाला. वॉशिंग मशीनमागे सापडला तेव्हा धुळीने फुलवातीसारखा झाला होता.

मुठा सगळ्यात स्वस्त. पावसात पनवेल-कर्जतकडे टोपलीत मिळतो, अर्थात कालवणासाठी. आणलाच तर सगळे पाय शाबूत असलेला निवडा, आणि पोटाच्या झडपेखाली पिल्लं असतील ती मादी घेऊ नका. गोडं पाणी चार बोटं, वर यायला दगड, लपायला फुटकी कुंडी, झालं. पण एका टाकीत एकच, नाहीतर दुसरा फस्त होतो. दिवसभर कुंडीत दडी मारतो, उरलेलं खाणं सडवून पाणी घाण करतो, आणि नांगी लेकराच्या बोटाला सोडत नाही.

मी असं सांगेन: मूल आठ-नऊ वर्षांचं असेल आणि घरात धीर धरणारं एक तरी माणूस असेल तर शंखवाला. आधीपासून मासे पाळत असाल, पाणी तपासायची सवय असेल तर लाल नांगीचा. मुठा एका पावसाळ्यापुरता बघायचा हट्ट असेल तर, आणि जिथून आणला त्याच ओढ्यात परत सोडता येणार असेल तरच.

तिघांनाही कॅल्शियम लागतं. त्यासाठी महागडी पावडर नको, आयुर्वेदिक सामानाच्या दुकानातला समुद्रफेणाचा तुकडा टाकीत ठेवला की पुरतो. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते घालू नका, खेकड्याला ते विष आहे. डासांचं लिक्विड मशीन आणि झुरळांचा स्प्रेही त्या खोलीतून हद्दपार करा. किड्यांना मारणारं औषध खेकड्यालाही मारतं. आमच्या गल्लीत धूर फवारणीची गाडी घरघरत आली, की लेक आधी खिडकी लावते, मग टाकीवर ओला टॉवेल टाकते आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून उभी राहते.